पुण्याहून पास आउट, फर्स्ट क्लासमध्ये

अमेरिकेतल्या माझ्या पहिल्या मुलाखतीसाठी मी एक वाक्य घोकून ठेवलं होतं. आरशासमोर उभं राहून ते दहा वेळा म्हटलं होतं, आणि व्याकरणाच्या बाजूने त्यात नाव ठेवायला जागा नव्हती. "आय पास्ड आउट फ्रॉम पुणे इन नाइन्टीन नाइन्टी सिक्स, इन फर्स्ट क्लास, विथ डिस्टिंक्शन."

साल १९९८, जागा न्यू जर्सीतलं एक ऑफिस. टेबलापलीकडे एक टक्कल पडलेले गृहस्थ आणि एक बाई. माझं वाक्य संपलं आणि दोघांचेही चेहरे एकदम मऊ पडले. बाईंनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. गृहस्थांनी दबक्या आवाजात विचारलं, "आर यू ओके नाऊ?" मला भरून आलं. पुण्यात मुलाखतीला पाणी मागितलं तर शिपाई कुठल्या कोपऱ्यात माठ आहे ते सांगतो, आणि इथे ही माया! मी म्हटलं, हो, अगदी ठीक, आता दोन वर्षं झाली त्याला. घरी मात्र फार आनंद झाला होता, आईने सगळ्या आळीत पेढे वाटले.

नोकरी मिळाली. वाय-टू-केचे दिवस होते, त्यामुळे कोबोल येणारा माणूस अधूनमधून बेशुद्ध पडत असला तरी कंपन्यांची हरकत नसायची. चारेक महिन्यांनी त्याच बाईंनी जेवणाच्या सुट्टीत, मी जरा रुळलोय असं बघून, 'त्या विमानातल्या प्रसंगा'ची चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. त्यांच्या समजुतीप्रमाणे मी १९९६ साली पुण्याहून उडालेल्या विमानात, फर्स्ट क्लासमध्ये, बेशुद्ध पडलो होतो. आणि तेही असं नेत्रदीपक की आसपासच्यांनी नाव काढावं. त्यावर आईने पेढे का वाटले, एवढं एकच कोडं त्यांना सुटत नव्हतं. पुण्यातून बाहेर पडायला मला तोवर डेक्कन क्वीनचा सेकंड क्लास तेवढा ठाऊक होता, हे त्यांना कुठून कळणार?

आता शांतपणे विचार केला तर न्याय आपल्या बाजूला आहे. परीक्षेत पास झालो आणि कॉलेजातून आउट झालो, म्हणून पास आउट. मराठीत आपण सरळ म्हणतोच, 'शहाण्णव साली बाहेर पडलो.' शिवाय आपल्याकडे भरभक्कम सरकारी पुरावा आहे. खडकवासल्याच्या एनडीएत वर्षातून दोनदा पासिंग आउट परेड होते. खेत्रपाल परेड ग्राउंडवर बँडच्या तालावर कॅडेट 'अंतिम पग' ओलांडतात, आईबाप डोळे पुसतात, दुसऱ्या दिवशी पेपरात टोप्या हवेत उडवल्याचा फोटो येतो. हा शब्द इंग्रजांनी आपल्या पलटणीत ठेवला होता. त्यांच्या मागे आपण तो पलटणीतून उचलून बी.कॉम.पर्यंत आणला. अमेरिकनाला मात्र ही परेड समजावून सांगायची सोय नाही. मी एकदा सांगून बघितली. त्याच्या डोळ्यांपुढे गणवेशातले शेकडो तरुण उन्हात एका तालात, एका ओळीत, धाडधाड कोसळताना दिसले असावेत. तो एवढंच म्हणाला, "एव्हरी सिक्स मन्थ्स?"

अमेरिकनाचं म्हणणं असं की 'पास आउट' म्हणजे शुद्ध हरपणे. आउट कशातून, तर शुद्धीतून. हे त्याने वाक्यात कुठेही म्हटलेलं नसतं, आपण समजून घ्यायचं असतं. इंग्रजीतली ही सगळी जोडगोळी क्रियापदं अशीच. पहिला शब्द साधा, दुसरा त्याहून साधा, दोन्ही पाचवीच्या पुस्तकातले, आणि दोघं शेजारी बसले की तिसरीच भानगड. गावातली दोन सज्जन कुटुंबं सोयरीक झाल्याबरोबर कोर्टात जातात, तसं.

ऑफिसात मला याचा दुसरा फटका वेळेच्या बाबतीत बसला. निरोप आला की दहाची मीटिंग एका तासाने 'पुश्ड बॅक' झाली आहे. दहाच्या मागे नऊ. मी पावणेनऊला जाऊन खोलीतले दिवे लावले, वही उघडली आणि बसून राहिलो. साडेदहाला झाडलोट करणारी बाई आली. तिने माझ्याकडे बघून दिवा मालवायचा का, असं विचारलं. मीटिंग अकराला भरली. मराठीत लांबणीवर टाकलेली गोष्ट आपण 'पुढे ढकलतो', इंग्रजीत तीच 'मागे ढकलतात', आणि दोन्ही भाषांत माणसाला एकाच दिवशी एकाच ठिकाणी हजर राहायचं असतं. मी यावर पुष्कळ डोकं खाजवलं आहे. आपला माणूस मीटिंगच्या पाठीमागे उभा असतो आणि बंद पडलेल्या ॲम्बॅसॅडरसारखी तिला पुढे ढकलतो. अमेरिकन माणूस तिच्यासमोर उभा असतो आणि अंगावर येणाऱ्या म्हशीसारखी तिला मागे रेटतो. मीटिंग दोन्हीकडे लांबतेच, फक्त धक्का मारणाऱ्याची जागा वेगळी. उलट मीटिंग अलीकडे घ्यायची असली की ते 'मूव्ह अप' म्हणतात, म्हणजे वर. वर कुठे? भिंतीवरच्या कॅलेंडरवर, बहुधा. 'पोस्टपोन'च्या चालीवर आपण हिंदुस्थानात 'प्रीपोन' हा काय झकास शब्द घडवला! ऑक्सफर्डच्या कोशानेही त्याला आत घेतलं. पण मी तो ऑफिसात वापरला तेव्हा सगळ्यांनी मका भाजायचा काहीतरी प्रकार असावा, अशा चेहऱ्याने माझ्याकडे बघितलं.

हे सगळं मी एकट्याने निभावून नेलं असतं, पण २०१२ साली आप्पा आले.

आमचे आप्पा म्हणजे माझे वडील, कराडच्या एका हायस्कुलातले इंग्रजीचे निवृत्त शिक्षक. छत्तीस वर्षांची नोकरी, तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेला पिंड आणि रेन-मार्टिनचं व्याकरण उशाशी. त्यांचं इंग्रजी सोवळ्यातलं. दिवा ते 'एक्स्टिंग्विश' करतात, कार्यक्रम 'कमेन्स' करतात, चपला 'रिमूव्ह' करतात. इंग्रजी भाषेला दोन मजले आहेत. तळमजल्यावर जुनी घरची क्रियापदं: गेट, पुट, टेक, गो. १०६६ साली नॉर्मन लोक इंग्लंडवर चालून गेले, त्यांच्यामागून फ्रेंच आणि लॅटिन शब्दांचं सामान आलं आणि वरचा मजला चढला. आपल्याकडे जसं 'प्रज्वलन' वरच्या मजल्यावर आणि 'पेटवणं' खाली चुलीपाशी. हिंदुस्थानात इंग्रजी जिन्याने वरून उतरली, त्यामुळे आप्पांची सगळी हयात वरच्या मजल्यावर गेली. अमेरिका मात्र अख्खी तळमजल्यावर राहते, आणि तिथे बोलताना कुणी चपला 'रिमूव्ह' करत नाही, 'टेक ऑफ' करतो. विमानाचंही तेच.

पहिल्याच आठवड्यात आप्पा एकटे बसने ओक ट्री रोडला निघाले. एडिसनच्या त्या रस्त्यावर कोथिंबिरीपासून पैठणीपर्यंत सगळं मिळतं, त्यांना तपकीर मिळते का ते बघायचं होतं. थांबा जवळ आला तसे ते ड्रायव्हरपाशी गेले आणि छत्तीस वर्षं वर्गात शिकवलेलं वाक्य त्यांनी स्वच्छ उच्चारात म्हटलं, "सर, आय विश टु अलाइट."

ड्रायव्हर म्हणाला, "नो स्मोकिंग ऑन द बस, सर."

आप्पांनी पुन्हा सांगितलं, आय मस्ट अलाइट. ड्रायव्हरने पुन्हा सांगितलं की काडी तर नाहीच आणि असती तरी दिली नसती. आप्पा पुढे दोन थांबे गेले. तिथे एक शाळकरी पोरगं 'गेटिंग ऑफ!' असं ओरडून दारातून उडी मारून गेलं, त्याच्या मागोमाग आप्पाही उतरले. घरी आल्यावर ते दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "गेट म्हणजे मिळवणे, ऑफ म्हणजे बंद. हा उतरला कसा?"

शेजारी एक भला अमेरिकन राहत होता. आप्पांची आणि त्याची कुंपणावरून दोस्ती झाली. ओळख काढताना कराडकडचा कुणीही शिकलेला माणूस विचारतो तोच प्रश्न आप्पांनी त्याला विचारला, "अँड व्हेअर डू यू पुट अप?" म्हणजे, आपण उतरलात कुठे, मुक्काम कुठे? शेजाऱ्याने आनंदाने घराच्या छपराकडे बोट दाखवलं. पन्हाळीच्या कडेने, शिवाय त्या झाडावर, थँक्सगिव्हिंग झालं की दुसऱ्या दिवशी. आप्पा आत येऊन सूनबाईला म्हणाले, "माणूस सज्जन आहे, पण थंडीत झाडावर राहतो." नाताळच्या दिव्यांच्या माळा लावण्यालाही 'पुट अप'च म्हणतात, हे त्यांना पटवायला बायकोचा अर्धा तास गेला. तेवढ्यात तिने 'पुट अप विथ'चा अर्थही त्यांच्या कानावर घातला. मी त्या वेळी घरात होतो. ती बोलताना माझ्याकडे बघत होती, एवढंच नोंदवून पुढे जातो.

शेजाऱ्याचा मुलगा कॉलेजात होता. एक दिवस आप्पांनी आस्थेने विचारलं, "युवर सन, हॅज ही पास्ड आउट?"

शेजाऱ्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "वन्स. दॅट आय नो ऑफ." एकदाच, निदान मला माहीत असलेलं.

आप्पांनी त्याला धीर दिला. एकदा म्हणजे काही वाईट नाही, सुरुवात आहे. माझा मुलगा दोनदा पास आउट झाला, आधी कराडला आणि मग पुण्याला. त्याची बहीण तर गोल्ड मेडल घेऊन. आणि मी स्वतः तीनदा. शेजारी बराच वेळ गप्प राहिला. मग त्याने हळुवारपणे विचारलं की हे तुमच्या घराण्यातच आहे का? "येस," आप्पा अभिमानाने म्हणाले, "बट माय फादर कुड नॉट. ही वॉज अ फार्मर. ही हॅड नो मनी." त्या दिवसापासून शेजारी मला रस्त्यात भेटला की खांद्यावर हात ठेवायला लागला.

याचा कळस दवाखान्यात झाला. आप्पांच्या गुडघ्यासाठी डॉक्टर गाठायचा होता. मी त्यांना दारात सोडलं आणि गाडी लावायला गेलो. जागा मिळेपर्यंत वीस मिनिटं गेली, तेवढ्यात आप्पांच्या हातात फॉर्म पडला. अमेरिकेत दवाखान्यात पाऊल टाकलं की आधी फॉर्म, मग फॉर्मची पाठची बाजू आणि मग, आयुष्य उरलं असेल तर, डॉक्टर. त्यात प्रश्न होता: हॅव यू एव्हर पास्ड आउट? इफ येस, व्हेन? आप्पांनी चष्मा पुसून सुवाच्य अक्षरात लिहिलं: १९५८, १९६२, १९६३.

मी पोचलो तेव्हा आप्पांच्या छातीला तारा लावलेल्या होत्या आणि नर्स त्यांना विचारत होती की १९६३ नंतर कधी झालं का? "नो," आप्पा म्हणाले, "आफ्टर दॅट आय मेड अदर्स पास आउट. एव्हरी इयर. अबाउट फॉर्टी."

नर्सने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "ही वॉज अ टीचर." ती म्हणाली, "आय हॅड वन लाइक दॅट."

गुडघा तसाच राहिला, पण हृदयाचा आलेख उत्तम निघाला. घरी येताना मी गाडीत त्यांना 'पास आउट'चा इथला अर्थ सांगितला. आप्पा बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. गेल्या महिनाभरात कुणाकुणाशी काय काय बोललो, याची उजळणी चालू असावी. मग एकदम म्हणाले, "म्हणूनच तो शेजारी म्हणाला, तुम्ही सगळे पाणी भरपूर पीत जा."

पण नवा अर्थ अंगवळणी पडायच्या आत ऑक्टोबर संपत आला. हॅलोविनच्या आदल्या दिवशी शेजारीण कुंपणाशी येऊन सांगून गेली की उद्या सहा ते आठ आम्ही 'पासिंग आउट कँडी', तुम्हीही करणार का? आप्पा हादरले. नवराबायको दोघं मिळून, वेळ ठरवून, दोन तास बेशुद्ध? आणि वर आपल्याला आमंत्रण? वाटणे, या अर्थीही इथे 'पास आउट' म्हणतात हे कळल्यावर त्यांनी हात टेकले. मग मात्र त्यांच्या डोळ्यांत शिक्षकी चमक आली. ते मला म्हणाले, "तू पास आउट झालास तेव्हा तुझ्या आईने पेढे पास आउट केले आणि बिल बघून मी पास आउट झालो. हे वाक्य मी दहावीला घातलं असतं."

तेव्हापासून त्यांनी ही क्रियापदं वहीत उतरवायला घेतली. दोनशे पानी वही, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी, मुखपृष्ठावर 'शत्रुपक्ष'. 'गेट'च्या एकट्याच्या पोटी अकरा पानं गेली. 'गेट ओव्हर' म्हणजे दुःखातून सावरणे, 'गेट बाय' म्हणजे कसंबसं भागवणे, 'गेट अवे विथ' म्हणजे करून सवरून नामानिराळं राहणे. या शेवटच्या नोंदीपुढे त्यांनी आमच्या तालुक्यातल्या एका पुढाऱ्याचं नाव उदाहरण म्हणून लिहिलं होतं. आमची नऊ वर्षांची लेक ती वही तपासून द्यायची. तिला एकही नियम येत नव्हता आणि तिचं एकही उत्तर चुकत नव्हतं. आप्पा विचारायचे, "पण अप का? डाउन का नाही?" ती खांदे उडवायची. छत्तीस वर्षं पोरांना 'का ते सांग' म्हणून बाकावर उभं केलेल्या माणसाला हे उत्तर फार झोंबलं.

या दुखण्याची दखल मात्र थोरामोठ्यांनी घेतलेली आहे. डॉक्टर जॉन्सनने १७५५ साली आपला कोश काढला तेव्हाच प्रस्तावनेत कबूल केलं होतं की क्रियापदाला शेपूट जोडून अर्थ फिरवायची ही इंग्रजीची खोड परक्यांना सगळ्यांत जड जाते. दुखणं जुनं, बारसं मात्र उशिरा झालं. 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव लोकांपुढे आणलं लोगन पिअरसॉल स्मिथ या गृहस्थाने, १९२५ सालच्या 'वर्ड्‌स अँड इडियम्स' या पुस्तकात. नाव सुचवलं होतं ऑक्सफर्डच्या कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी. आणि हा स्मिथ जन्मला कुठे, तर आमच्या न्यू जर्सीत, मिलव्हिल गावी. पुढे तो इंग्लंडात जाऊन राहिला. हे वाचून दाखवल्यावर आप्पा म्हणाले, "नाव ठेवून पळाला."

एव्हाना अमेरिकेची बाजू पडती होती आणि आम्ही दोघं बापलेक संध्याकाळी चहा घेताना इंग्रजी भाषेची यथेच्छ निंदा करत होतो. रविवारी आमची लेक मराठी शाळेतून आली आणि डाव उलटला.

इथे गावोगावी रविवारच्या मराठी शाळा भरतात. १९८१ साली स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाने त्यांना अभ्यासक्रम आखून दिला आहे. भाड्याच्या वर्गात, फळ्यावर आदल्या दिवशीचं कुणाचं तरी बीजगणित तसंच असतं, त्याच्या बाजूला जागा करून 'क्ष' आणि 'ज्ञ' काढायचे. शिकवणाऱ्या मावश्या आणि काका आठवडाभर नोकऱ्या करून हे हौसेने करतात. त्या रविवारी घरचा अभ्यास होता: 'लागणे' हे क्रियापद वापरून पाच वाक्ये लिहा.

"पाच कशाला, पन्नास देतो," आप्पांनी बाह्या सरसावल्या. शिक्षक जागा झाला होता. त्यांनी एका दमात एका मुलीचा अख्खा दिवस सांगितला. सकाळी तिला भूक लागली. दूध करपट लागलं. शाळेला जायला उशीर व्हायला लागला म्हणून ती पळायला लागली, तिला ठेच लागली, रक्त यायला लागलं. समोरून एक बाई आल्या, त्या तिच्या मावशी लागतात. त्या म्हणाल्या, लागलं का गं? औषध लागेल. शाळेत निकाल लागला, मार्क कमी, ते तिच्या मनाला फार लागलं. परत यायला दोन तास लागले, त्यात गाडी लागली. घरी पोचली तर दिवे लागले होते. पडल्या पडल्या झोप लागली.

लेक पेन्सिल तोंडात धरून ऐकत होती. मग तिने विचारलं, "गाडी लागली म्हणजे गाडीने धडक मारली?"

"नाही गं. गाडीत बसून तिला मळमळलं."

"पण मागच्या वर्षी पुणे स्टेशनवर तुम्ही ओरडलात, गाडी लागली, पळा!"

"ती फलाटाला लागली."

"फलाटाला मळमळलं?"

मी चहाचा कप घेऊन स्वयंपाकघरात गेलो. अशा वेळी तिथून जास्त नीट ऐकू येतं.

आप्पा म्हणाले, लागणे म्हणजे मुळात स्पर्श होणे, चिकटणे. लेकीने ते लिहून घेतलं आणि हिशेब मांडायला सुरुवात केली. म्हणजे भूक चिकटली. ठीक. झोप चिकटली. ठीक. काकाला नोकरी लागली आणि दगडाची ठेच लागली, दोन्ही सेम? (काकाची नोकरी बघता फरक फारसा नव्हता.) मावशी लागतात म्हणजे कुठे लागतात? आई म्हणते 'वाट लागली', ती रस्त्याला चिकटली का? आणि तिचा खरा प्रश्न तर पुढेच होता. "मला भूक लागली, यात करतंय कोण? मी तर काहीच करत नाहीये. हू इज डुइंग द लागणे?"

आप्पा गप्प झाले. मीही कप विसळायचा थांबलो. पन्नास वर्षं मराठी बोलून आमच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. इंग्रजीत माणूस स्वतः भुकेला होतो, स्वतः झोपेत पडतो, स्वतः नोकरी मिळवतो. मराठी माणूस एका जागी बसून असतो आणि जगातल्या गोष्टी येऊन त्याला लागतात: भूक, तहान, थंडी, नजर, नाद, वेड, कधीमधी लॉटरी. मुंबईतल्या मराठी उद्योजकतेवर आजवर झालेल्या सगळ्या परिसंवादांत हा मुद्दा कुणी मांडलेला मी ऐकलेला नाही.

त्या रात्री आप्पांनी मला मोल्सवर्थ काढायला लावला. मोल्सवर्थ हा ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला अधिकारी. त्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली आला, वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली. ती आवृत्ती शिकागो विद्यापीठाने इंटरनेटवर घालून ठेवली आहे, त्यामुळे कराडच्या मास्तरांना एडिसनच्या सोफ्यावर बसून इंग्रजाने दिलेले मराठी शब्दांचे अर्थ बघता येतात. 'लागणें' आलं. साहेब या शब्दापाशी बराच वेळ अडकून पडलेला दिसत होता. एकामागून एक अर्थ, नळाला गळती लागावी तसे. आप्पा भिंगातून एकेक वाचत गेले आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरत गेलं. इंग्रजांनी आमच्यावर 'पुट अप' घातलं, आम्ही त्यांच्यावर आधीच 'लागणें' घालून ठेवलं होतं. भिंग मिटत म्हणाले, "बरा घामाघूम झालाय गडी."

पण हे समाधानही फार टिकलं नाही, कारण आमच्या घरात तोवर तिसरीच भाषा चालू झाली होती. अमेरिकेतल्या मराठी घरात इंग्रजी जोडगोळीच्या मागे 'करणे' लावलं की मराठी क्रियापद तयार होतं: साइन अप कर, लॉग इन कर, फिगर आउट कर. त्यावर आपलं घरचं दुसरं शेपूट असतंच. मराठीत नुसतं करून कुणाचं भागत नाही. काम उरकायचं असलं तर 'करून टाक', दुसऱ्यासाठी असलं तर 'करून दे', स्वतःसाठी 'करून घे', पुढे उपयोगी पडावं म्हणून 'करून ठेव', आणि पस्तावायची वेळ आली की 'करून बसलो'. मोरो केशव दामल्यांपासून आमचे वैयाकरण या संयुक्त क्रियापदांवर वाद घालत आले आहेत. त्यांना इंग्रजी डबेही जोडून मिळाले असते तर काय झालं असतं, देव जाणे. एका सकाळी बायको घाईत होती. ती जिन्यावरून आप्पांसमोरच मला ओरडून म्हणाली, "अरे, हिला शाळेत ड्रॉप ऑफ करून टाक ना!"

आप्पांनी नातीला जवळ ओढून घेतलं. त्यांच्या कानांवर पडलं होतं ते असं: पाडणे, बंद, करणे, आणि टाकून देणे. एवढ्याशा पोरीला!

डिसेंबरात ते परत गेले. वही इथेच विसरली, मुद्दाम विसरली असा माझा संशय आहे, कारण सामान मोजून बांधलं होतं आणि 'शत्रुपक्ष' उशाशी होता. नंतर गुडघ्याने पुन्हा येऊ दिलं नाही. आता दर रविवारी व्हिडिओवर बोलणं होतं. पास आउट म्हणायचं नाही, ग्रॅज्युएट म्हणायचं, हे त्यांना इथे अगदी पाठ झालं होतं, पण कराडला उतरल्यावर पाठांतर उतरलं. तिथे सगळे अजून पास आउटच होतात.

गेल्या वर्षी, २०२५च्या मे महिन्यात, लेकीचा पदवीदान समारंभ झाला. उघडं स्टेडियम, काळे झगे, डोक्यावर चौकोनी टोप्या, आणि न्यू जर्सीतही एखादा दिवस असा निघतो की कराडच्या बस स्टँडची आठवण व्हावी. भाषणं दोन तास चालली. तिच्या पुढच्या रांगेतली एक मुलगी उभ्याउभ्या कोसळली. लोक धावले, पाणी मारलं, सावलीत नेलं, थोड्या वेळाने उठून बसली बिचारी. समारंभ संपला आणि आम्ही गाडीकडे जात होतो तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर आप्पा. कराडला रात्र झालेली, ते मुद्दाम जागे राहिलेले, अंगात इस्त्रीचा सदरा, मागे देव्हाऱ्यातली समई.

"काय गं पोरी," ते ओरडले, "झालीस का पास आउट?"

"मी नाही आजोबा," लेक अजून त्याच घाबरलेल्या सुरात होती, "माझ्या पुढची मुलगी झाली. तिला ऊन लागलं."

आप्पांचा चेहरा पडला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग नातीला वाईट वाटू नये अशा बेताने, अगदी हळू आवाजात म्हणाले, "असू दे, असू दे. मग तुझा निकाल कधी लागणार?"